कच्ची वही आणि पक्की वही

(नभोवाणीवरील भाषण)



शाळेंत आम्ही मुलांना दोन वह्या ठेवावयास लावीत असूं. एक कच्ची व एक पक्की. कच्च्या वहींत खाडाखोड चालत असे. किंबहुना जिच्यांत खाडाखोड नाहीं ती वही आळशी मुलाची, असें आम्ही समजत असूं. पक्क्या वहीचा न्याय निराळा. ती दुसऱ्यानें वाचावयाची, म्हणून तिच्यांत उतरविण्यापूर्वीं उदाहरण पडताळून पाहिलेलें असलें पाहिजे. पेढीवरहि कच्ची कीर्द आणि पक्की कीर्द हा भेद फार जुना आहे. आज संगणकावरील ज्या हिशेबी प्रणालींविषयीं मी बोलणार आहें, त्यांतहि हाच भेद निराळ्या नांवानें नांदतो. आणि तो न ओळखल्यास काय होतें, हें मीं स्वतः अनुभविलें आहे.

दुकानें, सोसायट्या, लहान कारखाने यांचा जमाखर्च, माल आणि पगार सांभाळणारीं सॉफ्टवेअरें आतां सर्वत्र झालीं आहेत. त्यांपैकीं कांहीं ‘मुक्त-स्रोत’ म्हणविलीं जातात. म्हणजे त्यांचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां येतो, बदलतां येतो आणि वांटतां येतो. मुंबईंत जन्मलेलें ईआरपीनेक्स्ट हें याच जातीचें, आणि घरगुती व लहान धंद्याच्या हिशेबाचें ग्नूकॅश हेंहि याच जातीचें. इतर कंपन्या आपला माल पुरा झाल्यावर दुकानांत मांडतात. कारखान्यांत काय चाललें आहे, तें गिऱ्हाइकास दिसत नाहीं. मुक्त प्रणालीचा कारखाना मात्र भर रस्त्यावर उघडलेला असतो. कारागिरानें आज सकाळीं केलेला फेरफार आज दुपारींच आपणांस उतरवून घेतां येतो. ही सोय मोठी खरी; परंतु तिच्याबरोबर निवडीची जबाबदारीहि गिऱ्हाइकावर येऊन पडते.

ही निवड दोहोंमधली असते: एक स्थिर आवृत्ति व दुसरी घडणींतली आवृत्ति. ईआरपीनेक्स्टमध्यें ‘डेव्हलप’ नांवाच्या शाखेंत रोजची घडण चालते, आणि स्थिर आवृत्तीस क्रमांकाची स्वतंत्र शाखा मिळते. तिची पंधरावी आवृत्ति २०२३ सालीं आली. लिनक्सच्या गाभ्यांत पूर्वीं नुसत्या आंकड्यावरून हा भेद कळत असे. २.४ ही सम, म्हणून स्थिर; २.५ ही विषम, म्हणून घडणींतली. २.६ नंतर ती चाल सुटली. डेबियन मंडळींची थट्टा तर लक्षांत राहण्यासारखी आहे. ते आपल्या आवृत्त्यांस ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेंतील पात्रांचीं नांवें देतात. २०२३ ची बुकवर्म, २०२५ ची ट्रिक्सी. पण जी सदैव घडणींत असते तिचें नांव कायमचें ‘सिड’. सिड म्हणजे शेजारचा तो पोरगा, जो खेळणीं मोडतो!

‘स्थिर’ याचा अर्थ निर्दोष असा मात्र नव्हे. एका ठराविक दिवसानंतर नवीन सुविधा आंत घेणें थांबवावयाचें आणि केवळ चुका दुरुस्त करावयाच्या, एवढाच त्याचा अर्थ. मास्तरानें वही तपासावयास घेतल्यावर नवा धडा शिकविणें बंद करावें, तसें हें आहे.

आतां माझी गोष्ट. आमच्या वस्तींत एक लहानसें ग्राहक भांडार आहे. निवृत्तीनंतर त्याचें कोषाध्यक्षपद माझ्याकडे आलें. वह्या सोडून संगणक आणावयाचें ठरलें, तेव्हां माझा एक जुना विद्यार्थी आपण होऊन मदतीस आला. मुलगा हुशार आणि निःस्वार्थी. त्यानें एक मुक्त प्रणाली निवडली व म्हणाला, “सर, स्थिर म्हणतात ती आतां मागें पडली. घडणीची आहे तिच्यांत रोज नवें कांहीं तरी येतें. तीच बसवूं.” नवें तें चांगलें, अशी माझीहि समजूत, मीं मान डोलविली. दोष त्याचा नव्हे, माझा. कारण पैसा सभासदांचा होता आणि सही माझी होती.

१९ मार्चला त्यानें प्रणालींत ताजे फेरफार चढविले. ३१ मार्चला वर्षअखेरचा माल मोजला, तों संगणकांतल्या शिलकेपेक्षां मांडणीवर ११,३४० रुपयांचा माल कमी भरला. कार्यकारी मंडळाची सभा बसली. संगणक चुकत नाहीं, असा एक समज आपल्याकडे दृढ झाला आहे. त्यामुळें सर्वांच्या नजरा माल देणाऱ्या बाईंकडे वळल्या. नऊ वर्षें त्या गल्ल्यावर बसत होत्या. एका सभासदांनीं ‘तूट कोणाकडून भरून घ्यावयाची?’ एवढेंच विचारलें. बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, नऊ वर्षांत वाटीभर साखरसुद्धां मीं उचललेली नाहीं.” मला उत्तर सुचलें नाहीं.

त्या रात्रीं मीं तारेला ओवलेल्या कागदी चिठ्ठ्या काढल्या. खराब माल घाऊक व्यापाऱ्याकडे परत धाडतांना आम्ही चिठ्ठी फाडीत असूं. १९ तारखेपासूनच्या चिठ्ठ्यांची बेरीज केली. ती बरोबर ११,३४० भरली. त्या दिवशींच्या फेरफारानंतर परत गेलेला माल शिलकेंतून वजाच होत नव्हता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं बाईंच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. त्यांनीं चहा दिला. परंतु पुढें महिनाभर त्या हिशेबाच्या खोलींत पाऊल टाकीत नसत.

चूक सांपडल्यावर मागें फिरावें म्हटलें, तर वाट बंद! नवी आवृत्ति चढते तेव्हां ती पुष्कळदां आपल्या माहितीच्या कोष्टकांची रचनाच बदलून टाकते. नवे रकाने घालते, जुने काढते. मग जुनी प्रणाली पुन्हा बसविली तरी तिला तीं कोष्टकें वाचतां येत नाहींत. उपाय एकच: बदलापूर्वीं काढून ठेवलेली नक्कल. सुदैवानें १८ मार्चची नक्कल आमच्यापाशीं होती. त्या दिवशींच्या प्रणालीसह ती परत चढविली, पुढील तेरा दिवसांचीं बिलें आम्हीं तिघांनीं दोन रात्रीं जागून हातानें भरलीं, वर्ष मिटविलें, आणि १ एप्रिलपासून केवळ आरंभींच्या शिलका घेऊन स्थिर आवृत्तीवर नवें काम सुरू केलें.

यांतून मला जें समजलें तें इतकेंच. निवड करतांना ‘नवी कोणती?’ असें विचारूं नये. ‘चूक झाल्यास ती भोगणार कोण?’ असें विचारावें. आपली एकट्याची हौस असेल, तर खुशाल सिड घ्यावी. परंतु जेथें दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याचा पगार किंवा दुसऱ्याचा लौकिक त्या आंकड्यांवर अवलंबून आहे, तेथें पक्की वहीच पाहिजे. मोठा क्रमांक बदलून नुकतीच आलेली, शेवटीं शून्य असलेली आवृत्तिहि लगेच घेऊं नये. दोनचार दुरुस्त्या येऊं द्याव्या. आणि मार्च महिन्यांत तर कांहींच बदलूं नये.

यावर कोणी म्हणेल, ‘बरें झालें! आमच्याकडे दहा वर्षांपूर्वींची प्रणाली आहे आणि आम्ही तिला हात लावीत नाहीं.’ ही दुसऱ्या टोंकाची चूक होय. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, केसांचें तेल, टूथपेस्ट यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या प्रणालींत दर आपले आपणच भरावयाचे असल्यामुळें आमचें अडलें नाहीं. परंतु विवरणपत्रांचे नमुने बदलतात, चोरांना वाट देणारीं भगदाडें उघडकीस येतात. तीं बुजविण्याचें काम जिच्यासाठीं कोणी करीत नाहीं, ती आवृत्ति स्थिर नव्हे, बेवारस होय. डेबियनच्या स्थिर आवृत्तीची निगा साधारण पांच वर्षें राखिली जाते; प्रत्येक प्रणालीची अशी मुदत निर्मात्यांकडून माहीत करून घ्यावी आणि ती संपण्याच्या आंत पुढील स्थिर आवृत्तीवर जावें.

मग घडणींतली आवृत्ति कोणीच वापरूं नये काय? तसें झालें, तर चुका सांपडणार कशा? आज जी स्थिर आहे, ती काल कोणी तरी कच्च्या वहींत गिरविली म्हणूनच स्थिर झाली. माझा तो विद्यार्थी आतां भांडारांतल्या एका जुन्या संगणकावर घडणींतली आवृत्ति चालवितो. सभासदांचीं नांवें काढून टाकलेली हिशेबाची नक्कल तिच्यावर असते. त्यानें आमच्या परत-मालाची चूक पायरीपायरीनें लिहून निर्मात्यांस कळविली, आणि ती दुरुस्त झाली. ज्या कामाचे आपण पैसे दिले नाहींत, त्याची ही गुरुदक्षिणा होय. ती अवश्य द्यावी. मात्र ती पक्क्या वहीवर प्रयोग करून देऊं नये.

आमच्या भांडारांत आतां रोज दुकान मिटण्यापूर्वीं नक्कल निघते. ती त्या बाईच काढतात. महिन्यांतून एकदां ती परत उघडूनहि पाहतात, कारण जी नक्कल उघडत नाहीं ती नक्कलच नव्हे. गेल्या वर्षीं पुढील स्थिर आवृत्ति घ्यावयाची वेळ आली, तेव्हां आम्हीं ती प्रथम जुन्या संगणकावर चढविली. बाईंनीं तिच्यांत आधीं एक परत-मालाची चिठ्ठी भरली, शिल्लक उतरली कीं नाहीं तें पाहिलें, आणि मग मला म्हणाल्या, “आतां चढवा, सर.”