जवळच्या मार्गाचें विमान

विमानकंपनी चालविण्याचा खेळ आतां सावनेरसारख्या गांवांतील मुलेंही संगणकावर खेळूं शकतात. त्यांत जवळच्या मार्गासाठीं विमान निवडतांना मन साहजिकच मोठ्या जेटकडे ओढ घेतें. पण एका पेटी संत्र्यांसाठीं आपल्याकडे कोणी मालमोटार ठरवीत नाहीं. विमानांचा व्यवहारही तसाच आहे.

थोड्या अंतरांत प्रवासाचा बराच भाग चढण्याउतरण्यांतच जातो. जेटच्या वेगानें वाचतात तीं थोडीं मिनिटें, इंधन मात्र पुष्कळ जळतें. म्हणून तेथें पंख्यांचें टर्बोप्रॉप विमान किफायतशीर ठरतें. त्याला आखूड धावपट्टीही पुरते. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हां मुंबईची फेरी अशाच सुमारें ७० आसनांच्या एटीआर विमानानें सुरू झाली. १८० आसनांचें जेट रोज अर्धें रिकामें उडूं लागलें, तर फेऱ्या लौकरच बंद पडतात, आणि त्याची झळ मुंबईच्या इस्पितळाकडे निघालेल्या रुग्णाला लागते.

परंतु लहानपणालाही मर्यादा आहे. १९८१ सालीं स्थापन झालेल्या वायुदूत कंपनीनें १९ आसनांचीं डॉर्नियर विमानेंही वापरलीं. दोन वैमानिकांचा व विमानतळाचा खर्च इतक्या थोड्या तिकिटांवर पडला, म्हणजे तिकीट महागतें किंवा तोटा येतो. तोट्यांत चाललेली ती कंपनी १९९३ सालीं इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली.

तेव्हां, मुलांनो, आधीं प्रवासी मोजा, मग अंतर पाहा, आणि विमानाचें नांव शेवटीं घ्या. विमान सुटल्यावर रिकामें आसन कोणालाही विकतां येत नाहीं.