एक सर्व्हर, वीस पडदे आणि एक किल्ली
(आपल्या बिलासपूरच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी अध्यात्म, संगीत, आरोग्य यांचे जाणकार येतात. मी सिग्नल व दूरसंचार खात्यातला डिप्लोमावाला. वायरी, रिले आणि बॅटऱ्या यांच्यापलीकडे माझी फारशी गती नाही. पण बाप्पा विद्येची देवता, म्हणून कार्यकारिणीचा आग्रह झाला की शाळेत बसवलेल्या संगणक-जाळ्याबद्दल चार शब्द बोला.

या जाळ्याला ‘थिन क्लायंट’ म्हणतात. नाव नवं वाटलं तरी आपण रेल्वेवाल्यांनी ही वस्तू फार पूर्वीच पाहिली आहे. १९८५ साली दिल्लीत संगणकाने आरक्षण सुरू झालं. खिडकीमागच्या बाबूसमोर पडदा आणि कळफलक असायचा, पण त्या डब्याला स्वतःची बुद्धी नव्हती. सगळा हिशेब आतल्या खोलीतला एक मोठा संगणक करायचा. खिडकीवरचं टर्मिनल बिघडलं तर दुसरं लावायचं, तिकिटाची नोंद जागच्या जागी. शाळेतही आम्ही हेच केलं.

कॉलनीजवळच्या एका शाळेला देणगीत वीस संगणक मिळाले होते. दोन-तीन वर्षांत कुणाची हार्ड डिस्क गेली, कुणात व्हायरस शिरला, यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या. शेवटी खोलीला कुलूप लागलं. संगणक महाग म्हणून ही खोली बंद पडली नव्हती. वीस यंत्रं म्हणजे वीस दुखणी, आणि ती निस्तरणारं कुणी नव्हतं, हे खरं कारण.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघे सहकारी कामाला लागलो. जुन्या यंत्रांतल्या हार्ड डिस्का काढून टाकल्या. एकच बऱ्यापैकी संगणक घेतला, सोळा जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला. तो झाला सर्व्हर. एक गिगाबिट स्विच, केसिंग-कॅपिंगमधून ओढलेली केबल (उंदरांचा बंदोबस्त आधी!) आणि नीट अर्थिंग, एवढंच सामान. सॉफ्टवेअर लिनक्सचं, म्हणजे परवान्याचा खर्च शून्य. ‘एलटीएसपी’ नावाची ही योजना जिम मॅकक्विलन यांनी १९९९ साली सुरू केली. २०१९ साली ती नव्याने लिहिली गेली.

चालतं कसं ते सांगतो. मुलाने बटण दाबलं की यंत्र आपल्या डिस्ककडे न पाहता केबलवर हाक मारतं, “मी कोण, आणि मी काय चालवू?” सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि सगळी प्रणाली जाळ्यावरून पुरवतो. यंत्र फारच अशक्त असेल तर कामही सर्व्हरच करतो आणि यंत्र फक्त चित्र दाखवतं. हा खरा थिन क्लायंट. दोन-चार जीबी मेमरी असेल तर ते स्वतःच्या डोक्याने काम करतं, फक्त डिस्क सर्व्हरची वापरतं. आमच्याकडे दोन्ही प्रकार आहेत.

फायदा असा की दुरुस्ती एका ठिकाणी. जिओजेब्रा किंवा जीकॉम्प्रिस सर्व्हरवर एकदा बसवायचं, नवी प्रत तयार करायची. दुसऱ्या दिवशी वीसही पडद्यांवर ते हजर! मूल कुठल्याही खुर्चीवर बसो, त्याच्या नावाने आत गेलं की त्याची वही तिथे उघडते. वीज गेली तर बिघडायला यंत्रांत डिस्कच नाही, जतन केलेलं काम सर्व्हरवर सुरक्षित. यूपीएस फक्त सर्व्हर आणि स्विचला. शिवाय विकिपीडियाची प्रत सर्व्हरवरच ठेवली आहे. इंटरनेट बंद असलं तरी मुलं वाचतात.

आता दुसरी बाजू. सर्व्हर बसला की वीसही मुलं हातावर हात ठेवून बसणार. म्हणून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत कपाटात तयार असते, बदलायला पंधरा मिनिटं पुरतात. वीस जणांनी एकदम व्हिडिओ लावले तर अशक्त यंत्रं अडखळतात. आणि जुन्या डब्यांत विजेची बचत फारशी होत नाही. जुना संगणक पडद्यासकट साधारण १२० वॅट खातो, म्हणजे वीसांचे २,४०० वॅट. त्याऐवजी रास्पबेरी पायसारखी छोटी पाटी आणि एलईडी पडदा घेतला तर काम तीसेक वॅटमध्ये, वीसांचे ६०० वॅट. तो खर्च पुढे जमेल तसा करू, पण त्यासाठी सुरुवात अडवून ठेवू नये.

पण मंडळी, हे सगळं तंत्र उभं आहे ते गणिताच्या बाईंवर. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आम्ही दर शनिवारी गेलो, पण कळफलकाला हात बाईंनीच लावायचा असा नियम ठेवला. नवं मूल नोंदवणं, प्रत काढणं, डिस्क बदलणं, सगळं त्यांनी स्वतः करून वहीत हिंदीत उतरवून घेतलं. आज खोलीची किल्ली त्यांच्याकडे आहे आणि आम्हाला फोन क्वचित येतो. केरळने २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केलं, पुढे मुक्त सॉफ्टवेअर आणलंच, पण त्याबरोबर शिक्षकांना मोठ्या संख्येने तयार केलं. तिथली योजना टिकली यात या तयारीचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

हे मी आज का सांगतो? रेल्वे भरतीची परीक्षा आता संगणकावरच होते. ट्रॅकमनच्या मुलाने माऊस पहिल्यांदा परीक्षा केंद्रातच हातात धरावा आणि प्रश्न येत असूनही घड्याळाकडून हरावं, हे आपल्या कॉलनीला शोभत नाही. दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे कितीतरी धडधाकट संगणक घराघरांतून भंगाराच्या वाटेवर आहेत. आपल्याला क्लायंट म्हणून तेच हवे आहेत. देण्याआधी आपली खासगी माहिती पुसा, किंवा डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. आम्हाला ती लागत नाही!

वस्तीतल्या दुसऱ्या एका शाळेने विचारणा केली आहे. मंडळाने वर्गणीच्या शिलकेतून एक सर्व्हर आणि एक स्विच द्यावा, ही माझी विनंती. पण त्याआधी त्या शाळेतून एक शिक्षक आणि आपल्यातून दोन माणसं ठरू द्या, महिन्याचे दोन शनिवार देणारी. माणसं ठरली नाहीत, तर पैसे शिलकीतच राहू द्यावेत. कुलूपबंद खोल्या आपल्याकडे पुरेशा आहेत.

नावं उत्सव संपेपर्यंत माझ्याकडे नोंदवा. केबलला टोक कसं लावायचं ते मी शिकवीन.

गणपती बाप्पा मोरया!