न बोललेलें दुखणें



शौचाची तक्रार चारचौघांत काढूं नये, अशी आपली समजूत आहे. आणि हीच समजूत तें दुखणें वाढवीत असते. म्हणून आज हा विषय मुद्दाम काढीत आहें.

चंद्रपुरापासून १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आला. शेंकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. तशी तपासणी पूर्वीं झालेल्या अवघ्या शेंकडा ८. ती पाहणी मलावरोधाची नव्हती. परंतु तिचा धडा येथेंही लागू पडतो : बाई बोलत नाहीं, एवढ्यावरून ती निरोगी ठरत नाहीं.

मलावरोध म्हटला कीं आपण विचारतों, “किती दिवसांनीं?” तितकाच महत्त्वाचा प्रश्न “कसें?” हा आहे. रोज जाऊनही पोट मोकळें वाटत नाहीं, फार कुंथावें लागतें, किंवा बोटानें योनिमार्गांत दाब द्यावा लागतो, तेव्हां दोष पुष्कळदा बाहेर पडण्याच्या वाटेवर असतो. कांहीं जणींचे स्नायू सैलावण्याऐवजीं आवळतात. कांहींचा मधला पडदा बाळंतपणांनीं दुबळा होऊन गुदाशय योनीकडे फुगतो. आडोसा नसल्यामुळें अंधार पडेपर्यंत वेग आवरण्याची संवयही बाधते.

हें ओळखण्यास आधीं मोकळें बोलणें आणि मग डॉक्टरांनीं हातानें केलेली साधी तपासणी लागते. भरपूर पाणी, भाजीपाला, इसबगोल, वेग येतांच जाणें व उकिडवें बसणें, हे पहिले उपाय. स्नायू सैल सोडण्यास शिकवितां येतें; फुगवट्याला योनींत बसविण्याची कडी कित्येकींना उपयोगी पडते; शस्त्रक्रिया निवडक जणींनाच लागते. रेचक मळ पातळ करील, पण आवळलेली वाट सैल करणार नाहीं. रक्त पडणें, वजन घटणें किंवा संवयींत अकस्मात बदल होणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास मात्र विलंब नको.

शहरांतील शिकलेल्या घरांतही सासूबाई चूर्णाची पुडी लपवून ठेवतात. त्यांना आज सहज विचारा. विचारणारें कोणी भेटलें, तरच त्या सांगतील.