मनाच्या आजारावरील गोळ्या



मी बँकेतला कारकून, बी.ए. झालेला, डॉक्टर नव्हे. तरी हा विषय मुद्दाम मागून घेतला. आपल्याकडे रक्तदाबाची गोळी चारचौघांत घेतात, नैराश्याची मात्र कपाटात लपवतात आणि आठ दिवसांत गुण आला नाही की बंद करतात.

गंमत अशी की, या शास्त्राचा एक धागा रक्तदाबापासूनच निघतो, तोही मुंबईतून. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडले. सर्पगंधेतूनच रेसर्पिन हे द्रव्य निघाले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या आणि त्याने सेरोटोनिन या द्रव्याचा शरीरातील साठा रिता होतो, हे १९५५ मध्ये अमेरिकेत दिसले. उलट १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये इप्रोनियाझिड हे औषध घेणारे क्षयाचे रुग्ण उल्हसित झाले होते. ते औषध अशी द्रव्ये मोडू देत नव्हते. यावरून तर्क निघाला की, ही द्रव्ये घटली की मन खचते.

आज फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम ही औषधे सर्रास देतात; नैराश्यावरही आणि सततच्या चिंतेवरही. मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देताना सेरोटोनिन सोडते आणि लगेच परत ओढून घेते. गोळी हे परत ओढणे रोखते. आमच्या भाषेत, काउंटरवर ठेवलेली रक्कम ग्राहकाने उचलण्याआधीच कॅशियरने आत घेऊ नये, अशी ती व्यवस्था.

पण हे काम काही तासांत होते, मन हलके व्हायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. बहुधा त्या काळात पेशी आणि त्यांचे जोड हळूहळू स्वतःला बदलून घेत असावेत. म्हणजे ‘सेरोटोनिन कमी, म्हणून नैराश्य’ हा हिशेब अपुरा आहे. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जुने अभ्यास तपासले, तेव्हा त्याला ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणून गोळी खोटी ठरत नाही: २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत सर्व २१ औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. फरक मध्यम होता, आणि सर्वांनाच गुण येतो असे नाही. समुपदेशनाची जोड असावीच.

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होते. पंचविशीच्या आतील मुलांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत जीव देण्याचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी तेव्हा जवळ राहावे, डॉक्टरांना लगेच कळवावे. दारूसारखे व्यसन या गोळ्यांचे लागत नाही, पण एकदम सोडल्यास चक्कर येते, झिणझिण्या येतात. बरे वाटले तरी साधारण सहा महिने पुढे घ्यायच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवत आणायच्या. अल्प्राझोलामसारखी चिंतेची गोळी वेगळी; तिची सवय लागते. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका.

सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येते. विद्यार्थ्यांनी हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.