आधी निदान, मग पाना

(तरुण कारागिरांसमोर केलेले भाषण)



मी बोलणारा माणूस नाही, पान्याचा माणूस आहे. संयोजक म्हणाले, "तुम्हाला जे येते तेच सांगा." म्हणून आज जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीविषयी चार शब्द सांगतो. कोणी म्हणेल, अशा गाड्या आता राहिल्या कुठे? मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. अॅम्बॅसडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. हे खरे, तरी सेलू, मानवत, गंगाखेडकडे अजून एखाद्या ओट्याशी जुनी गाडी उभी दिसते, आणि रात्री-अपरात्री दवाखान्याला निघायचे झाले तर घरच्यांची भिस्त तिच्यावरच असते.

माझी एक चूक सांगतो. उमेदवारी संपवून मी नुकतेच दुकान टाकले होते. एका गुरुजींची गाडी आली. "रस्त्यावर चांगली पळते, पण उभी केली की थरथरते, बंद पडते," असे ते म्हणाले. मी नीट ऐकले नाही. आधी स्क्रू फिरवला, मग जेट बदलले, शेवटी कार्बोरेटरच नवा घ्यायला लावला. आठ दिवसांत गाडी पुन्हा दारात! दोष निघाला मॅनिफोल्डच्या एका बोटभर रबरी नळीत. ती चिरली होती. मजुरी मी परत केली आणि कार्बोरेटरचे पैसे हप्त्याने फेडले. पैसे फिटले, पण गेलेला विश्वास परत यायला फार वेळ लागला.

गुरुजींच्या बोलण्यातच निदान होते. पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. गाडी उभी असताना इंजिन थोडीच हवा घेते. अशा वेळी चिरेतून घुसलेली थोडी हवाही हिशेब बिघडवते. गाडी वेगात असताना तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. म्हणून दोष फक्त उभ्या गाडीत दिसतो.

तेव्हा मित्रहो, क्रम पाळा. प्रथम मालकाला विचारा : त्रास थंड इंजिनला की गरम? उभ्या गाडीत की पळतानाही? मग प्लग काढून पाहा. फिक्कट तपकिरी, बिस्किटासारखा रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक म्हणजे बहुधा हवा जास्त. तेलाने ओला असेल तर इंजिनच्या आत पाहावे लागेल.

दुसरे, कार्बोरेटरच्या आधी ठिणगी तपासा. प्लगची फट, पॉइंट, कंडेन्सर, वायर पाहा. पुष्कळदा "कार्बोरेटर खराब" म्हणून आलेल्या गाडीचे पॉइंटच जळालेले निघतात. टॅपेटही पाहून घ्या.

तिसरे, हवेची गळती. एकेक नळी चिमटून आवाज ऐका. गास्केटच्या कडेला साबणाचे पाणी थोडे शिंपडा. इंजिनचा सूर बदलला तर गळती तिथेच. गरम इंजिनवर पेट्रोल मारून गळती शोधू नका, भडका उडेल. चोक किंचित ओढला आणि इंजिन सुधारले तर हवा जास्त होत आहे. आणखी गुदमरले तर पेट्रोल जास्त. तसे असेल तर अडकलेला चोक, वर चढलेली फ्लोटची पातळी आणि एअर फिल्टर बघा. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ. फिल्टर लवकर कोंदतो.

स्लोचे जेट तुंबले असेल तर हवेच्या झोताने साफ करा, तार घालू नका. भोक मोठे झाले की जेट वाया गेले. हे सर्व झाल्यावरच, गरम इंजिनवर, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत गुळगुळीत चालते ती जागा धरा आणि मग स्लो बसवा. स्क्रू आत पिळून घट्ट करू नका, त्याचे टोक बिघडते.

आता नवी गोष्ट. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगवर मिश्रणात हवा जास्त ठरते. जुन्या रबराच्या नळ्या आणि वॉशरही त्याने फुगतात, चिरतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर त्यात पाणी शोषले जाते. म्हणून नळ्या चांगल्या प्रतीच्या बदला आणि सेटिंग पुन्हा तपासा.

शेवटची विनंती जिवाची आहे. पावसात शटर ओढून इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; माणूस झोपल्यासारखा जातो.

मुलांनो, गिऱ्हाइकाला इंजिनातले कळत नाही, म्हणूनच तो आपल्याकडे येतो. त्याच्या अज्ञानावर आपला संसार चालवू नका, आपल्या ज्ञानावर चालवा. काढलेला जुना भाग त्याच्या हातात द्या आणि दोष काय होता ते त्याला समजेल अशा भाषेत सांगा.