चुनखडी राखायची तर पैसा कुठं लावायचा?

मी बेंगळुरूहून बोलतोय. तुमच्यापैकी कुणी नागपूरला असेल, कुणी इंदूरला, कुणी बडोद्याला, कुणी बेळगावात. असाल तिथून जरा स्वयंपाकघरात डोकवा. ओट्याला काळा कडप्पा आहे? आजोळच्या घरात शहाबादी फरशी होती? दोन्ही चुनखडीच. एकाला आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचं नाव, दुसरीला कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचं. आपल्यातल्या बहुतेकांचा मुलूख काळ्या कातळाचा, पण पोळ्या लाटतो त्या चुनखडीवर.

आजचा विषय हा दगड जिथून येतो तो प्रदेश जपण्याचा, म्हणजे त्याच्या योजनेचा आणि पैशाचा. संस्थांना प्रस्ताव आणि अंदाजपत्रकं करून देणं हे माझं काम. त्यामुळे बोलणं जरा हिशेबी होईल, चालवून घ्या.

आधी दगडाचा स्वभाव समजून घेऊ. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. चुनखडीच्या फटीत शिरलं की ते दगड विरघळवत जातं. फटीची नळी होते, नळीची गुहा होते. गुहेत थेंब थेंब गळताना तोच चुना पुन्हा साठतो आणि लवणस्तंभ तयार होतात. हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. त्याची दुसरी बाजू मात्र कुणी सांगत नाही. माती-वाळूतून पाणी झिरपताना गाळलं जातं, इथं ते नळातून गेल्यासारखं जातं. वरच्या खड्ड्यात जे टाकाल ते फारसं न गाळता खालच्या झऱ्यात आणि विहिरीत पोचतं.

बेंगळुरूहून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, ताडपत्रीच्या पुढे, नंद्याल जिल्ह्यात बेलम गुहा आहेत. वर सपाट शेतजमीन, तिच्यात विहिरीसारखे तीन खड्डे, आणि मधल्या खड्ड्यातून खाली उतरलं की ३,२२९ मीटर लांबीच्या वाटा. १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांनी त्यांची नोंद केली. पुढे म्हैसूर संस्थानात भूविज्ञान खातं सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख हेच फूट. नंतर जवळजवळ शंभर वर्षं तिकडं कुणी फारसं फिरकलं नाही. १९८२-८३ मध्ये डॅनिएल गेबाउर यांच्या जर्मन पथकानं आतला तपशीलवार शोध घेतला. त्या काळात आसपासचा कचरा या गुहांत टाकला जाई. खड्डा दिसला की माणूस कचरा टाकतो, त्यात नवल नाही. गावातल्याच काही जाणत्या माणसांनी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरठे झिजवले, तेव्हा १९९९ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळानं गुहा हाती घेतल्या. सुमारे ७५ लाख रुपये मंजूर झाले. त्यातून पायवाटा, दिवे, हवेचे झोत झाले आणि २००२ पासून लोक आत जाऊ लागले. आज सुमारे दीड किलोमीटर पाहता येतं.

कचराकुंडीची गुहा झाली, हे मोठंच काम. पण यादी पुन्हा बघा. पायवाटा, दिवे, हवा, सगळं गुहेच्या आत. पर्यटन महामंडळाकडून वेगळी अपेक्षाही नाही, त्यांचं गिऱ्हाईक आत येतं. गुहेचं आयुष्य मात्र वर ठरतं. शेतात कोणतं खत पडतं, गावाचे शोषखड्डे कुठं आहेत, फरशीच्या खाणीतलं पाणी कुठं सोडतात, यावर. दिवे लावल्याचाही खर्च पुढे येतोच. उष्णता आणि उजेड मिळाला की दगडावर हिरवं शेवाळ धरतं. फ्रान्समधली लास्को ही चित्रांची गुहाही चुनखडीतलीच. ती १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि माणसांच्या श्वासानं, दिव्यांनी चित्रं बिघडू लागली म्हणून १९६३ मध्ये बंद करावी लागली. पंधरा वर्षं पुरली.

मग योजना कशी करावी? माझ्या मते पहिल्या वर्षाचा पैसा फक्त पाण्याचा माग काढण्यावर घालावा. वरच्या खड्ड्यांत ठरावीक जागी निरुपद्रवी रंग सोडायचा आणि तो कोणत्या विहिरीत, किती दिवसांनी दिसतो ते बघायचं. यातून पाणलोटाची खरी हद्द कळते. ती सातबाऱ्याच्या किंवा वनखात्याच्या नकाशाशी जुळतेच असं नाही, कारण भूपृष्ठाचा उतार एकीकडे आणि खालच्या नळ्या दुसरीकडे असू शकतात. आता गंमत बघा. हे काम पावसाळ्याशिवाय होत नाही, आणि अनुदानाचा पहिला हप्ता बऱ्याचदा पावसाळा सरल्यावर हाती येतो. म्हणून करारातच लिहून घ्या, पहिला हप्ता एप्रिलअखेर. नाहीतर एक वर्ष फुकट जातं आणि अहवालात छायाचित्रं तेवढी उरतात.

आता पैसा. बहुतेक मंडळी आधी सीएसआरकडे धावतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के द्यावे लागतात आणि पर्यावरण त्यात बसतं. पण दोन अडचणी आहेत. प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांत संपवायचा असतो, आणि २०२१ पासून हा पैसा संस्थेच्या कायम ठेवीत टाकता येत नाही. म्हणजे चौथ्या वर्षीच्या राखणदाराचा पगार यातून निघणार नाही. लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरचा अंश वाढतो, आणि आपण त्याला तीन वर्षांचा करार देतो!

माझा भर दुसऱ्या खिशावर आहे. २०१५ पासून खाण असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, त्यानंतरच्यांना १० टक्के रक्कम तिथं भरावी लागते. सिमेंटच्या चुनखडीवर २०१४ मध्ये ठरलेली रॉयल्टी टनाला ८० रुपये. त्या दरानं जुन्या पट्ट्यातून टनामागे २४ रुपये आले. वर्षाला दहा लाख टन काढणारी एक खाण धरली तरी दोन कोटी चाळीस लाख होतात. आणि हे दर वर्षी, खाण चालू असेपर्यंत. बेलमच्या ७५ लाखांशी ताडून बघा, अर्थात रुपयाची किंमत तेव्हा वेगळी होती.

या पैशाच्या प्राधान्ययादीत पिण्याचं पाणी, स्वच्छता आणि पर्यावरण रक्षण आहे. गुहा हा शब्द नाही. म्हणून प्रस्तावाच्या शीर्षकात गुहा लिहू नका. लिहा, अमुक पाच गावांच्या विहिरींचं संरक्षण. शोषखड्डे गळते नसावेत, कचऱ्याला दुसरी जागा मिळावी, खड्ड्यांभोवती गवताचा पट्टा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला मिळावा. गावाला पाणी मिळतं आणि खाली गुहा आपोआप सुधारते. यात लबाडी नाही, पाणी एकच आहे. शिवाय ग्रामसभेत हे बोलता येतं. लवणस्तंभांसाठी हात वर होणार नाहीत, आणि का व्हावेत? फरशीच्या खाणीत राबणारं कुटुंब तिथं बसलेलं असतं. त्याच्या रोजगाराचं उत्तर तुमच्या अंदाजपत्रकात नसेल तर गावात जाऊच नका.

कुणी म्हणेल, जागा वारसा म्हणून जाहीर करून घेऊ. जरूर घ्या. पण आमच्या लालबागेतला खडक बघा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९७५ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारक म्हटलं. या वाढत्या शहरात तो टिकला त्याचं मोठं श्रेय मी फलकापेक्षा उद्यानाच्या भिंतीला, फाटकाला आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माळ्यांना देतो. भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयानं २०२२ च्या डिसेंबरात लोकांपुढे ठेवला होता, पण मसुद्यावर अंदाजपत्रक उभं राहत नाही.

तिकिटाचं उत्पन्न असेल तर त्यातला ठरावीक हिस्सा वरच्या गावांच्या खात्यात जमा व्हावा, असा ठराव दिवे लावायच्या आधी करून घ्या. तिकीटखिडकी एकदा सुरू झाली की तो ठराव कुणी करत नाही. तुमच्या जिल्ह्यात चुनखडीची खाण असेल, यवतमाळ आणि चंद्रपूरकडे आहेतच, तर जिल्हाधिकारी कार्यालयात खनिज प्रतिष्ठानचा वार्षिक आराखडा मागा. पर्यावरणाच्या रकान्यात किती रक्कम आहे आणि ती कशावर खर्च झाली ते वाचा. प्रश्न असतील तर व्हिडिओच्या खाली लिहा, हिशेबाचे आधी घेईन.