पट्ट्याआधी माणूस पाहावा



कराटे शिकावे की नाही, हा आजच्या भाषणाचा विषय नाही. शिकायचे ठरलेच, तर कोणाकडे शिकावे, एवढाच प्रश्न आहे. आणि तो वाटतो तितका सोपा नाही. वर्गात पाऊल टाकताच शिष्य आपला देह दुसऱ्याच्या स्वाधीन करीत असतो. तो विश्वास अपात्र माणसावर टाकला गेला, तर हानी केवळ पैशांची होत नाही.

शिक्षकाच्या कमरेला काळा पट्टा दिसला की आपण निश्चिंत होतो. वास्तविक पट्ट्यांची पद्धत ही कराटेची मूळची नव्हे. ती जूदोकडून आली. ओकिनावाचे शाळाशिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक करून दाखविले व १९२४ साली आपल्या काही शिष्यांना काळ्या पट्ट्याची पहिली श्रेणी दिली. पुढे शाखा वाढल्या, संघटना वाढल्या, आणि प्रत्येकीने आपापले माप ठरविले. तेव्हा पट्टा कोणी दिला व किती वर्षांच्या अभ्यासानंतर दिला, हे विचारण्यात अनादर नाही. नियमित अभ्यासालाही त्यासाठी काही वर्षे लागतात. वर्षभरात काळा पट्टा देण्याची हमी देणारा विद्या शिकवीत नसून पट्टे विकीत असतो.

फुनाकोशी स्वतः लहानपणी अशक्त होते. आझातो आणि इतोसू हे त्यांचे दोन गुरू. त्या दोघांच्या मनाचा मोठेपणा असा, की ज्या अंगात दुसरा जाणकार अधिक निपुण, ते त्याच्याकडून शिकून घ्या, असे ते शिष्यांना सांगत. इतरांच्या वर्गाकडे फिरकूही नका, असे बजावणाऱ्या शिक्षकाला या कसोटीवर घासून पाहावे.

नाव घालण्यापूर्वी एक-दोन दिवस वर्गात नुसते बसून राहावे. पालकांना बसू न देणारा वर्ग तेथेच सोडावा. बसल्यावर सर्वांत चपळ मुलाकडे पाहू नये. सर्वांत दुबळ्याकडे पाहावे. त्याची चूक शिक्षक कशी सुधारतो? हसतो, की पुन्हा करून दाखवितो? दुखापत झालेल्याला थांबवितो, की भेकड म्हणून हिणवितो? नवख्याला जाणत्यासमोर मार खाण्यास उभे करतो काय? मुलींशी त्याचे वागणेबोलणे कसे आहे? फी, परीक्षेचा खर्च व मध्येच सोडल्यास पैसे परत मिळण्याची अट तो आधी स्पष्ट सांगतो काय?

शिस्त कठोर असावी, यात वाद नाही. आपल्याकडील तालमीतला वस्तादही कठोरच असे. परंतु शिस्त आणि दहशत यांत अंतर आहे. शिस्तीत वाढलेले मूल घरी येऊन काय शिकलो ते उत्साहाने सांगते. दहशतीतले मूल गप्प होते. ते मौन सहनशक्ती समजून आपण कौतुकाने मिरवू नये.

कराटेत पहिला प्रहार आपण करावयाचा नसतो, ही फुनाकोशींची प्रसिद्ध शिकवण. जो आपल्याच शिष्यावर रागाने हात उगारतो, त्याला ही विद्या अद्याप आलेली नाही, मग पट्ट्याचा रंग कोणताही असो. अशा ठिकाणाहून परत फिरण्यात पराभव नाही. स्वतःचे रक्षण करण्याचा पहिला धडा तोच होय.